खांदा दुखावला, एवढंच

लार्ग्ज बे
सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

प्रिय नोला,

त्या सोमवारी सकाळी तू माझ्या अंगणात तोंडात दोन चिमटे धरून उभी होतीस आणि मी बादलीतून एकेक जर्सी काढून पिळत होते. वीस जर्स्या. रक्ताचे डाग असलेल्या चार वेगळ्या, मिठाच्या थंड पाण्यात. खांबावरच्या चक्राची वाळवणाची दोरी वाऱ्याने गरगर फिरत होती, तू ती खांद्याने अडवून धरायचीस आणि मी वाळत घालायचे. ब्याऐंशी साल की चौऱ्याऐंशी? चौऱ्याऐंशीच. चुलीवर सुपाचं पातेलं होतं, मुलांचे डबे भरून झाले होते, आणि माझा लिंडसे मागच्या पायरीवर बसून बुटांचा चिखल सुरीने खरवडत होता. आज चादरी वाळत घालताना ते सगळं आठवलं, म्हणून आधी तेच लिहिलं. ख्यालीखुशाली आता विचारते.

नवा खुबा बरा बसला आणि तू काठी घेऊन धक्क्यापर्यंत जाऊन येतेस हे वाचून आनंद झाला. मेरिलिनकडे आणखी दोन महिने राहा. लेकीच्या घरी आयतं खायला मिळतंय ते सोडू नकोस. मी ठीक आहे. गुडघे होते तिथेच आहेत. फोनवर आपल्याला एकमेकींचं धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं.

आता तुला हवी ती बातमी. आपले पेलिकन इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या गुणतालिकेत दुसरे आहेत. एप्रिलमध्ये पहिले दोन्ही सामने हरलो तेव्हा कोचला हाकला म्हणून ओरडणारेच आता त्याच्या पाठीवर थापा मारतात. त्यानंतर बारापैकी दहा जिंकले. शनिवारी तळाच्या संघाला सत्तावन्न गुणांनी धुतलं. मी नेहमीसारखी संत्री चिरून दिली आणि कुंपणाशी जाऊन उभी राहिले.

खरं सांगू? मला पूर्वीसारखं आवडत नाही तिथे. गोल झाला की भोंग्यावर गाणं लावतात, कान बधिर होतात. जिथे आपल्या दिवंगत सभासदांची नावं होती तिथे आता जुगाराच्या कंपनीची पाटी आहे. मीट पाय खायला घेतली तर आत खिम्याऐवजी पीठ आणि कसली तरी करडी लापशी. आणि माणसं! एखादा पोरगा कळवळत पडला की पहिल्यांदा हसू ऐकू येतं, मग 'अरेरे'.

तुझा नातू टेट छान खेळतोय. लिंडसेच्याच जागेवर, बचावाच्या मध्यावर. तसाच उलटा पळत जातो, मागून कोण येतंय ते न बघता, आणि चेंडू वरच्या वर झेलतो. लोक मला मुद्दाम येऊन सांगतात, "व्हर्ना, लिंडसे परत आलाय बघ." मी मान हलवते. मला त्यांना गप्प बसा म्हणावंसं वाटतं.

तुझा क्लाइव्ह त्र्याहत्तराव्या वर्षीही पाण्याच्या बाटल्या आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन मैदानात पळतो. ट्रेनर म्हणून हे त्याचं सेहेचाळिसावं वर्ष, हे तो प्रत्येकाला सांगतो. टेट आपल्या आजोबांजवळ राहतो हे चांगलं आहे. दोघं मिळून काय शिजवतात ते मात्र विचारू नकोस.

तू त्या अहवालाचं विचारलंस. लिंडसे गेल्यावर त्याचा मेंदू तपासणीला दिला होता, त्याचा. आला आहे. त्यात विशेष असं काही नाही. असो.

तुझी,
व्हर्ना


लार्ग्ज बे
मंगळवार, १७ सप्टेंबर २०२४

प्रिय नोला,

क्लाइव्हने तुला रविवारीच फोन केला असणार. उपांत्य सामना जिंकलो, नऊ गुणांनी. येत्या रविवारी अंतिम सामना, आणि चौऱ्याऐंशीनंतर पहिल्यांदाच विजेतेपदाचा झेंडा हाताशी आलाय. टेटचा खांदा जरा दुखावला, एवढंच, असंही तो म्हणाला असेल. मी काय पाहिलं ते मी सांगते. शेवटपर्यंत वाच, आणि मग मेरिलिनला वाचायला दे. ती त्याची आई आहे.

तिसरं क्वार्टर संपायला दोन मिनिटं होती. चेंडू उंच उडाला आणि टेट उलटा पळत गेला. समोरून त्यांचा तो दांडगा फॉरवर्ड झेपावला आणि त्याचा गुडघा टेटच्या कानशिलावर बसला. खांद्यावर नाही, नोला. मी कुंपणापासून वीस पावलांवर होते. टेट उताणा पडला आणि त्याचे दोन्ही हात कोपरात आखडून हवेत तसेच राहिले, उलट्या पडलेल्या खेकड्याचे राहतात तसे. किती वेळ? मी सात मोजले.

माझ्या शेजारी एक बाई मीट पाय खात होती. हनुवटीवरून सॉस ओघळत होता. "ऊठ रे टेट! काही झालं नाही त्याला! नाटकं बंद कर!" ती ओरडली आणि सगळ्यांनी ते उचललं.

क्लाइव्ह धावत गेला. त्याने टेटच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि सगळ्यांना दिसेल असा त्याचा खांदा चोळायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात क्वार्टर संपल्याचा भोंगा झाला.

मग आपण सगळे करतो तेच मी केलं. कुंपण ओलांडून मैदानात गेले. इतकी वर्षं त्या मधल्या सुट्टीत कोचचं बोलणं ऐकायला आपण पोरांभोवती कडं करून उभे राहतो, मला त्याचा अभिमान होता. मोठ्या लीगमध्ये कुठे मिळतं असं, म्हणायचे मी. रविवारी मी टेटपासून चार हातांवर उभी होते. नवी डॉक्टर, तरुण मुलगी आहे, त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. क्लाइव्ह तिच्या पाठीमागे.

"आज कोणाविरुद्ध खेळतोस?" तिने विचारलं.

टेट तिच्याकडे बघत राहिला. क्लाइव्हने हनुवटीने पलीकडच्या संघाच्या घोळक्याकडे खूण केली. टेटने तिकडे बघितलं, जर्सीचा रंग पाहिला आणि नाव सांगितलं.

"कोण पुढे आहे? कितीने?"

क्लाइव्हने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि छातीवर एक बोट धरलं. मग चार.

"आपण. चौदाने."

"खांदा आहे, डॉक्टर," क्लाइव्ह म्हणाला. "पट्टी मारतो, घोड्यासारखा पळेल."

तिने कागदावर खूण केली आणि दुसऱ्या पोराकडे वळली. ती पाठमोरी होती. आम्ही नव्हतो. तीसेक माणसं असतील त्या कड्यात, आणि सगळ्यांनी ती बोटं पाहिली. एकजण हसून म्हणाला, "म्हातारा अजून पक्का आहे!" दुसऱ्याने त्याला टाळी दिली. मी काय केलं? मी माझी संत्र्यांची रिकामी परात छातीशी धरून उभी राहिले. टेट शेवटचं क्वार्टर पूर्ण खेळला. लोक उभे राहून ओरडत होते आणि मी त्याचे पाय बघत होते. वळताना डावा पाय अर्धा क्षण उशिरा यायचा.

सामन्यानंतर गाड्यांपाशी तो मला भेटला. नेहमीसारखा वाकून त्याने गालावर पापी दिली. हसला. मग इकडे तिकडे बघून म्हणाला, "व्हर्ना आजी, लिंडसे आजोबा कुठे दिसत नाहीत? आजचा झेल त्यांना दाखवायचा होता."

नोला, तीन वर्षांपूर्वी लिंडसेची शवपेटी उचलणाऱ्या सहाजणांत तो होता. उजवीकडे, पुढून दुसरा.

काल मी तुझ्या घरी गेले. क्लाइव्हने दार उघडलं तेव्हा आत सगळे पडदे ओढलेले होते.

"ये ये व्हर्ना. चहा टाकतो."

"टेट कुठे आहे?"

"झोपलाय. दमलाय बिचारा. तू पळून बघ की दोन तास."

"अकरा वाजलेत. आणि पडदे कशाला? त्याला उजेड सोसत नाही ना?"

"खांदा आहे, व्हर्ना. खांदा! किती वेळा सांगू?"

मी त्याला गाड्यांपाशी काय झालं ते सांगितलं. त्याने किटली खाली ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस बसेल, तोंड झाकेल, आपला जुना क्लाइव्ह होईल.

"थट्टा केली असेल तुझी," तो म्हणाला.

"लिंडसेच्या नावाने? टेट?"

"हे बघ. डोक्याला मार म्हटलं की नियमाने बारा दिवस बाहेर. म्हणजे रविवार गेला. तो स्वतः म्हणाला मला, आजोबा, तोंड उघडू नका. एकवीस वर्षांचा आहे, कुक्कुलं बाळ नाही. चाळीस वर्षं झाली, व्हर्ना! मी आणखी चाळीस थांबू का?"

"लिंडसेही असंच म्हणाला होता. तोंड उघडू नका."

"आणि मिळाला की झेंडा लिंडसेला! मैदानावरून खांद्यावर आणला आम्ही त्याला. सत्तर वर्षं जगला, मजेत जगला."

"शेवटची नऊ वर्षं तो कोण होता हे त्याला माहीत नव्हतं."

"वय झालं की होतं तसं. तूच सांगितलंस ना सगळ्यांना? अहवालात काही नाही म्हणून?"

मी चहा न पिता निघाले. दारातून तो ओरडला, "जा, संत्री चीर!"

आता ते लिहिते, जे मागच्या पत्रात लिहिलं नाही.

अहवालाची तीन पानं आहेत. माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली आणि मासळीच्या कारखान्यात डबे भरायला लागले, हे तुला माहीत आहे. जे शिकले ते वाचनालयातून. तिथल्या जाड शब्दकोशातून एकेक शब्द काढून ती तीन पानं मी दोन आठवड्यांत वाचली. वारंवार डोक्याला मार बसल्याने मेंदू झिजत गेला. चार पायऱ्या असतात, लिंडसे चौथीवर होता. वयाचा त्यात संबंध नाही, असं वेगळं वाक्य लिहिलं आहे. तो ओव्हनमध्ये बूट ठेवायचा, ते वयाने नाही. मला हळूच सांगायचा, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात, पण आता तुम्ही जा, माझी व्हर्ना यायची वेळ झाली." तेही वयाने नाही.

मी खोटं सांगितलं. क्लब त्याच्या नावाने बक्षीस देणार होता म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. ते कारण नव्हतं. कारण ती सोमवार सकाळ होती.

लिंडसे पायरीवर बूट खरवडत होता, इतकंच मी तुला लिहिलं. तू हसली असशील वाचताना, की व्हर्ना कुठपर्यंत येऊन थांबली. तो एकच बूट तासभर खरवडत होता. आदल्या शनिवारी डोक्यावर आपटला होता आणि सामना त्याला आठवतच नव्हता. मंगळवारी सरावाआधी डॉक्टर तपासणार होते. तू दोरी धरलीस, मी चिमटे लावले, आणि आपण दोघींनी त्याच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली. वार कोणता? कोणाशी खेळलो? किती गुण? चुकला की तू म्हणायचीस, "नाही रे गाढवा, पुन्हा सांग," आणि आपण हसायचो. विसाव्या जर्सीपर्यंत त्याला सगळं बिनचूक येत होतं. डॉक्टरांनी त्याला खेळवला. तो त्यानंतर पाच वर्षं खेळला, आणि प्रत्येक वेळी मला काय करायचं ते ठाऊक होतं.

आपल्याला तेव्हा कळत नव्हतं, असं तू म्हणशील. खरं आहे. पण जे कळत नव्हतं ते लपवायला कशाला हवं होतं? आपल्याला थोडं कळत होतं, नोला. मला स्वतःची किळस येते, आणि ती आता जात नाही. क्लाइव्हची येते. त्या कड्यातल्या तीसजणांची येते, ज्यांनी टाळी दिली. तुझी येत नाही, का ते मला सांगता येणार नाही.

मी फोन केला नाही, कारण तू 'नको' म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. हे पत्र आज पेटीत टाकत नाही. उद्या आणखी चार ओळी लिहायच्या असतील.

बुधवार.

सकाळी नऊच्या बसने शहरात गेले आणि लीगच्या कचेरीत सगळं लिहून दिलं. टेटचं नाव, क्लाइव्हचं नाव, एक बोट आणि चार बोटं, गाड्यांपाशी टेट काय बोलला ते. तिथल्या माणसाने विचारलं, "बाई, तो उत्तरं पुरवत होता हे तुम्ही इतक्या खात्रीने कसं सांगता?" मी त्याखाली चौऱ्याऐंशी सालचं लिहिलं आणि सही केली. त्यात फक्त माझं नाव आहे.

तुझी, हे वाचूनही तू म्हणू देशील तर,
व्हर्ना