वापीशोधनाचा अर्ज

चुडावा स्टेशनापासून दोन कोस,
गुरुवार, चैत्र, सन १९८७

ती. माणिकदादांच्या चरणी बन्सीधरचा दंडवत. (आपण माझ्याहून सव्वा महिन्यानंच वडील, म्हणून एक गुडघा उभा ठेवला आहे.)

आधी एक गंभीर तक्रार. आपण पाकिटाला डिंक लावता की घर लिंपता? उघडताना पत्राचा कोपरा पाकिटालाच चिकटून राहिला आणि 'हिची तब्येत ब' एवढंच हाती आलं. पुढे नुसतं 'री' होतं की 'रीच खालावली', या विवंचनेत तीन दिवस गेले. (आमची ही म्हणते, बरीच असेल, एरवी तार आली असती. तिचं व्याकरण माझ्याहून चांगलं.) वहिनींना आमचे नमस्कार सांगावेत आणि पुढचं पत्र उघडंच पाठवावं.

आमचं कुशल म्हणाल तर सारे तहानलेले आहोत, पण उभे आहोत. गावातले दोन्ही हापसे माघातच आटले. दांडा दाबला की नुसता उसासा टाकतात. वाड्यावरची विहीर सोडली, तर पाणी उरलं ते वेशीबाहेरच्या बारवेत. तीही गाळानं अर्धी भरली, म्हणून गाळ काढायला सरकारची मदत मागावी असं ठरलं आणि अर्ज लिहायला गावानं मला बसवलं. दादा, माणसाला पाठशाळेत घालू नये. 'बारवेतला गाळ काढून द्या' एवढं लिहायचं, तर मी लिहिलं, 'ग्रामस्थ प्रजेच्या हितार्थ प्राचीन वापीचे शोधन व्हावे.' सरपंच आबासाहेबांनी ऐकून मान डोलावली. म्हणाले, "गुरुजी, लय भारी लिवलाव. आमाला एक अक्षर समजलं न्हाई, म्हंजी सायबाला नक्की पटंल."

साहेबाला पटलं. शोधन म्हणजे साफसफाई, हे त्याच्या गावी नव्हतं. शोधन म्हणजे शोध, असं समजून त्यानं बारव शोधायला एक ओवरशियर धाडला! मी त्या दिवशी नेमका सेलूला एका मुंजीत जेवत होतो. ओवरशियरनं बारवेच्या काठावर, लिंबाच्या सावलीत नकाशा पसरला. नकाशात बारव नाही. उन्हानं घसा सुकला म्हणून पाणी भरायला आलेल्या धुरपताबाईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. कुठलं पाणी म्हणून त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, "हितलंच की, सायेब. तुमच्या पायाखालचं." दोन तांबे पिऊन त्यानं लिहिलं, 'शोध घेतला. वापी आढळून आली नाही. सदर जागी धोकादायक खड्डा आहे.' (ब्रह्म कसं पायाखाली असून दिसत नाही, हे मी वर्गात तीस वर्षं शिकवतो; इतका चोख दृष्टांत मिळाला नव्हता.)

यापुढचं हसण्यासारखं नाही. खड्डा बुजवून त्यावर गोदाम बांधावं, असा हुकूम आला. परवा गावातल्याच भुजंगचा ट्रॅक्टर मुरमाच्या चार ट्रॉल्या काठावर ओतून गेला. पाचवी आली तेव्हा धुरपताबाई हंडा घेऊन पहिल्या पायरीवर बसलेली. भुजंग बिचारा खाली उतरून हात जोडायला लागला, "आक्का, उठ ना. मला आर्डर हाय." ती म्हणाली, "तुजी म्हैस काय आर्डर पिती का रे?" बाया हसल्या, भुजंगही हसला, पण ट्रॅक्टर त्यानं माघारी नेला नाही. तेव्हापासून बाया पाळीपाळीनं बसल्या आहेत. धुरपताबाई मात्र एकही पाळी सोडत नाही. काल साहेब स्वतः आले. बारवेचा जुना कागद दाखवा, सोमवारी दुपारपर्यंत थांबतो, नंतर पोलीस आणून बुजवतो, असं बजावून गेले. आबासाहेब तेव्हापासून कचेरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करताहेत आणि मी शेजारी बसून मान हलवतो आहे.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
बन्सीधर

ता. क. टपालाला वेळ नाही, म्हणून पत्र गावातल्या लिंबाजीच्या हाती देतो आहे. निजामाच्या वेळच्या पाहणीचे कागद उर्दूत आहेत आणि आपली सारी नोकरी त्याच दप्तरात गेली. 'बारव' पाहू नका, 'वापी' तर मुळीच नको. 'बावली' या शब्दाखाली पाहा. आमच्या गावाची नोंद सापडली तर नक्कल घेऊन सोमवारच्या सकाळच्या गाडीनं चुडाव्याला उतरा. मी बैलगाडी घेऊन उभा राहीन. लहानपणी आपल्या अलिफ-बेची जी टिंगल केली, ती सव्याज मागे घेतो.

ता. क. दुसरा. हे लिंबाजीसमोर मोठ्यानं वाचू नका. चूक कचेरीची, असं सारा गाव समजतो, आणि मी समजू दिलं आहे. वाड्यावरच्या विहिरीत धुरपताबाईच्या वस्तीला आजही पोहरा टाकू देत नाहीत. सगळे एका पायरीनं उतरतात अशी या गावात ही एकच जागा. ती मला दोनदा विचारून गेली, "गुरुजी, तुमी तर बराबर लिवलं व्हतं ना?" दोन्ही वेळा मी हो म्हणालो. दादा, आपल्याला कागद सापडला नाही तर तिचं पाणी माझ्या एका शब्दानं बुजणार आहे, आणि ते तिला सांगण्याची हिंमत माझ्यात नाही.