वाजवणारा मागे बसतो

आई, बाबाने घरात पुन्हा गाणी लावायला सुरुवात केली आहे, आणि त्याचे कान शाबूत आहेत. या दोन गोष्टी तुला सांगायच्या होत्या. शाळेत मी मुलांना वडिलांशी अहो-जाहो करून बोलायला शिकवते, पण घरी बाबा अजून ‘तू’च आहे, तुझ्या वेळी होता तसा. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होते. आता डहाणूच्या एका शाळेत शिकवते आणि रोज तलासरीहून एसटीने जाते-येते. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, ती तुला दाखवायची राहिली. पण आज लिहायला बसले ते त्यासाठी नाही. त्या एका दुपारसाठी बसले, जी मी पंधरा वर्षं बाबाच्या डोक्यावर ठेवून मोकळी फिरत होते.

बाबा तेव्हा लग्नांत भोंगे लावायचा. झाडाला एक, मांडवाच्या खांबाला एक, मागे जनरेटर आणि त्याच्या शेजारी कॅसेटचं मशीन घेऊन बसलेला बाबा. लोकांच्या लग्नात गाजतो आणि घरात तोंड उघडत नाही, असं तू म्हणायचीस. त्या दिवशी तो शेजारच्या पाड्यावर होता. तुझा ताप आठवडाभर उतरला नव्हता. काकीला तू उशाशी बसवलंस आणि मला म्हणालीस, जा, बाबाला घेऊन ये. मी धावत गेले. मांडवापुढे मुली फेर धरून नाचत होत्या, त्यांत माझ्या वर्गातल्या दोघी होत्या. त्यांनी मला हाताला धरून ओढलं आणि मी नाचले. दोन गाणी नाचले. मग मागे जाऊन बाबाला सांगितलं. मशीन चालू तसंच टाकून तो माझ्यापुढे पळत सुटला. आम्ही पोचलो तेव्हा काकी दारात उभी होती, आणि तू गेली होतीस. नंतर सगळे विचारायला लागले, पोरीला पाठवून एवढा वेळ झाला, बाबा आला का नाही लवकर. मी म्हणाले, मी हाका मारत होते, बाबाला ऐकूच आलं नाही. बाबाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दोन गाण्यांच्या वेळात तू गेलीस, की मी घरून निघाले तेव्हाच गेली होतीस, हे काकीलाही नेमकं सांगता येत नाही.

तुझं बारावं झालं आणि बाबाने भोंगे विकले. कान गेलेल्या माणसाने हे काम करू नये, म्हणाला. पुढची सगळी वर्षं तो डहाणूकडच्या एका चिकूवाडीत राखणीला होता. घरात रेडिओसुद्धा नाही. मी कॉलेजात असताना एकदा मोबाइलवर गाणं लावलं, तर तो उठून अंगणात गेला आणि नागलीचं सुपडं घेऊन पाखडत बसला. मी गाणं बंद केलं. मी मुलांना फळ्यावर सुविचार लिहून देणारी बाई झाले, खरं बोलावं यावर पाच मिनिटं बोलू शकते, आणि घरी ही एक गोष्ट तेवढी बाजूला ठेवायचे.

वाडीतलं काम त्याने सोडलं ते साल २०१६. मी ठरवलं होतं की आता बाबाला वाचायला शिकवायचं, ग्रामसभेला न्यायचं, पेपर लावायचा. पेपर लावलाही. तो पेपर त्याने महिनाभरात प्लायवूडखाली अंथरला. झालं असं की हायवेकडच्या भंगारवाल्याकडे त्याला एक जुना अॅम्प्लिफायर दिसला. त्याकडे तो तीन आठवडे येता-जाता नुसता बघत होता. शेवटी भंगारवालाच म्हणाला, “काका, लई जाव ने, घेऊन जा ना, रोज काय बघायला येतो?” मग सुताराकडे बसून खोकी, खोक्यांना आतून कापूस, कुठून तरी मोठे स्पीकर, त्यावर छोटे स्पीकर. काकी दारातून बघून म्हणाली, “भावजींनी म्हातारपणी घरातच लगीन काढलं काय? नवरी कुठंय?” मला ते सगळं वेळेची नासाडी वाटत होतं. पण इतक्या वर्षांनी त्याची बोटं स्क्रू पकडताना बघितली आणि मी त्याला करू दिलं.

पहिल्या दिवशीच त्याने मशीन बंद केलं. शब्द कळत नाहीत, नुसतं घुमतंय, म्हणाला. तारा बदलल्या, खोकी बदलली, सुताराशी भांडला. तरी तेच. मग एक दिवस शांतपणे म्हणाला, “मशीनचा दोष नाही. माझे कान तुझ्या आईच्या वेळेलाच गेले, तुला तर माहीतच आहे.” सगळं सामान परत भंगारात द्यायचं ठरवलं त्याने. त्याआधी मी त्याला डहाणूच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होते. बाबा शाळेतल्या पहिलीच्या मुलासारखा ताठ बसला होता आणि बोट वर जात होतं, पुन्हा पुन्हा. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज डाव्या कानाला जरा कमी येतो, बाकी या वयाला इतके चांगले कान मी फार बघत नाही.

मला वाटलं तो खूश होईल. एसटी स्टँडवर बाकावर बसल्यावर त्याने तपासणीचा कागद हातात धरला होता. मग म्हणाला, “मग त्या दिवशी का नाही ऐकू आलं?”

मी म्हणाले, बस आली. खरंच आली होती. तलासरीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी मी ओट्यावर पाय पसरून मुलांच्या वह्या तपासत होते आणि आत बाबाने शेवटचं म्हणून एक गाणं लावलं होतं. मला एकेक शब्द स्वच्छ येत होता. मी आत डोकावले तर बाबा खोक्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसलेला. दोन्ही स्पीकरांची तोंडं दारातून बाहेर, पाड्याकडे. इतके महिने ती तशीच होती आणि मला, शिकलेल्या मुलीला, ते दिसलं नव्हतं. मी विचारलं, बाबा, तू मागे का बसतोस? तो म्हणाला, “पुढे पाहुणे बसतात. वाजवणारा मागे बसतो.” घरातलं गाणं घरातच वळवणं म्हणजे त्याला दार लावून जेवल्यासारखं वाटत होतं. मी तरी खोकी फिरवली, दोघांच्या बरोबर मध्ये पाट ठेवला आणि त्याला बसवलं. गाणं सुरू झालं आणि त्याने मान वळवून समोरच्या भिंतीकडे पाहिलं, जिथे काहीच नव्हतं. गाणारी बाई मधे उभी आहे, म्हणाला. लग्नाच्या भोंग्यांत सगळं एकाच आवाजात यायचं. डावं-उजवं वेगळं ऐकण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

गाणं संपलं. त्याचा चेहरा उजळला होता, आणि तो म्हणाला, तसंच असणार त्या दिवशी. मागे बसलेला, शेजारी जनरेटर, तुझी हाक कुठून येणार. कान गेले नव्हते, जागा चुकली होती. आई, इतकी सोयीची गोष्ट मला कुणी आयुष्यात दिली नव्हती. तो सुटला होता आणि मीही सुटले होते. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “बाबा, मी हाक मारलीच नव्हती. मुलींनी ओढलं म्हणून थांबले, नाचत होते. दोन गाणी.”

त्याने पाटावरूनच विचारलं, कुठलं गाणं चालू होतं. मी सांगितलं, पहिली ओळ म्हणून दाखवली. तो म्हणाला, “मग थांबणारच तू. ते मीच दोनदा लावलेलं. पोरी नाचत होत्या म्हणून.”

एवढंच. त्याने उठून ढेकळासारखा झालेला कापूस एका खोक्यातून काढला आणि दुसरा भरायला घेतला. मला रडू आलं नाही. पाठीवरची मोळी उतरवल्यावर थोडा वेळ तोल जातो, तसं झालं. खूप भूक लागली, हेच आठवतंय, आणि मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

आता सामान भंगारात जायचं नाव नाही. रविवारी सकाळी काकी आधी येऊन मधल्या पाटावर बसते आणि उठत नाही, म्हणून बाबाने दुसरा पाट केला. पण मधे एकच जागा असते हे तिला पटत नाही, ती म्हणते, तुमच्या मशीनला माणसाची पारख नाही. बाबा वाद घालतो. घरात, मोठ्याने. तू असतीस तर म्हणाली असतीस, याला तोंड फुटलं एकदाचं.

हे वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं आहे आणि तिथेच राहील. बाबाला सांगणं जड होतं तरी सोपं होतं, कारण तो समोर होता आणि त्याने प्रश्न विचारला. तू काही विचारणार नाहीस. म्हणून न विचारता सांगते. बाबाला मी सांगितलं की मुलींनी ओढलं म्हणून थांबले. ते पहिल्या गाण्यापुरतं खरं आहे. दुसऱ्याला कुणी ओढलं नव्हतं. तेव्हा मला तू आठवत नव्हतीस, आई, जरासुद्धा नाही, आणि मी फार खुशीत होते.