फोडणीला मुभा असलेली दोन कॉटेजेस

मी, शैला मुरलीधर टिपणीस, वय वर्षे पंचाहत्तर, राहणार ग्लेनआर्डा, पर्थशायर, स्कॉटलंड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळचा चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. इंग्रजी प्रत वकीलबाईंकडे आहे. ही मराठी प्रत घरच्यांसाठी, म्हणजे ‘आईला असं म्हणायचं नव्हतं’ असे नंतर कोणाला म्हणता येणार नाही.

१. माझी मिळकत म्हणजे रानाच्या कडेची ‘पोफळी’ आणि ‘जांभूळ’ ही दोन कॉटेजेस. पाहुण्यांनी आठवडाभर राहावे, आपले आपण रांधून खावे, अशी सोय. ती का उभारली हे लिहिणे भाग आहे. १९८५ साली आम्ही लीड्सहून अशाच एका कॉटेजवर पहिल्यांदा सुट्टीला गेलो. मी आमटीला हिंग-मिरचीची फोडणी दिली आणि दहा मिनिटांत मालकीणबाई दारात. वासाचे कारण सांगून तिने त्याच दुपारी आम्हाला बाहेर काढले. आठ वर्षांचा नकुल गाडीत विचारत होता, “आई, आपण काय वाईट केलं?” मी गरम कुकर टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता आणि रडत होते. त्याच दिवशी ठरवले, माझे स्वतःचे कॉटेज असेल आणि तिथे फोडणी चरचरेल.

२. २००५ साली लॅबची नोकरी सोडून या पडक्या इमारती घेतल्या, तेव्हा धाकटे दीर जयंत म्हणाले, “वहिनी, त्या जंगलात काळं कुत्रंसुद्धा फिरकणार नाही.” भावोजी, पाहुण्यांच्या अभिप्रायांची सतरावी वही चालू आहे. लेस्टरची, स्लाऊची मंडळी वर्षभर आधी तारखा धरून ठेवतात. कुत्रीही येतात, काळी धरून. भावोजींना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराने वाटा घेऊ नये असे वकीलबाई सांगतात, म्हणून त्यांनाच साक्षीदार केले आहे.

३. कै. मुरलीधरांची हत्यारे, म्हणजे करवती, रंधे आणि पाने, गावचे सुतार यूअन यांना द्यावीत. उद्घाटनाच्या दिवशी मी पाच सुक्या मिरच्या तेलात टाकल्या, खिडकी उघडायची राहिली, अलार्म कोकलला आणि गावातले स्वयंसेवक आगीचा बंब घेऊन धावत आले. यूअन त्यांचे म्होरके. ठसकत आत शिरले, पिठलं-भात जेवून गेले आणि दुसऱ्या दिवशी शेगडीवर धूर ओढणारा मोठा पंखा बसवून दिला. तेव्हापासून भिंतीवर नियम एकच: आधी खिडकी, मग तेल.

४. आता मुख्य गोष्ट. एका हॉलिडे कंपनीला दोन्ही कॉटेजेस हवी आहेत. त्यांच्या कराराच्या नवव्या कलमात उग्र वासाचा स्वयंपाक मना आहे. माझ्या मुलाचे, नकुलचे म्हणणे, “आई, तू थकलीस. विकून टाक ना, पीस ऑफ माइंड मिळेल.” नकुल, तू गुणी आहेस आणि या बाबतीत मी तुझे ऐकणार नाही. लीड्सचे घर आणि बँकेतील शिल्लक तुझी. दोन्ही कॉटेजेस मी तुझी मुलगी स्वराली हिला देते. ती दोन उन्हाळे माझ्या हाताखाली राबली आहे, चादरी बदलते, बॉयलरशी भांडते. परवा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “आजी, माझा फोडणी अजून जळतो, पण मी विकणार नाही. प्रॉमिस.” मला एवढे पुरे. धास्ती एकच. तू हे मृत्युपत्र कोर्टात नेलेस तर पोरगी बापाशी लढणार नाही, सोडून देईल. म्हणून ही प्रत आधी तुझ्या हातात देत आहे.

५. माझ्यामागे कॉटेजेस एक दिवसही बंद ठेवू नयेत. पाहुणे जेवत असतील तर त्यांना उठवू नये. मी जिंकले आहे, आणि ते मरायच्या आधी लेखी कळवता आले याचा मला भारी आनंद होतो आहे.

सही: शैला मुरलीधर टिपणीस

साक्षीदार: १. जयंत टिपणीस (धाकटे दीर, सही करताना हसले)
२. वैभवी प्रधान (शेजारीण)

स्थळ: ग्लेनआर्डा. दिनांक: १४ सप्टेंबर २०२४

संमती: वर लिहिलेले सर्व वाचले. कोर्टात जाणार नाही. कंपनीला आज सकाळी फोन करून नाही म्हणून सांगितले.
सही: नकुल मुरलीधर टिपणीस