लोखंडावर लोखंड

५ जानेवारी २०२५, रविवार
…नळ आला होता. पिंप भरून झालं, हंडे लावत होते, गॅसवर वरण. मागच्या शेडमध्ये आमचे चार यंत्रमाग चालू. हे दारात येऊन म्हणाले, "ये की." पदराला हात पुसत गेले. लाल गाडी चालू होती. "बस," म्हणाले. ओल्या साडीनं बसले. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, वळलो, आलो. "रेशीम हाय का न्हाय?" मी म्हटलं, "व्हय." आत जाऊन बघते तर वरण करपलेलं.

ही गोष्ट गेल्या जानेवारीतली. महिन्याभरात हे गेले.

आज सकाळपासून हेच डोक्यात आहे, म्हणून लिहिते. मुद्दा असा, की तेव्हा गाडी थरथरत नव्हती. आता थरथरते. म्हणजे बिघाड नंतरचा. यांच्या कामात खोट नाही.

६ जानेवारी
धाकटे दीर सिद्धाप्पा भावजी आले. एमआयडीसीत त्यांचे स्वतःचे माग आहेत. गाडीत एकदाही बसलेले नाहीत, पण मत तयार. म्हणाले, "वैनी, अण्णानं इंग्लंडच्या स्पोर्ट्स कारमध्ये टेम्पोचं डिझेल इंजिन घातलं की! लोक हसतेत. भंगारात घाला."

इंजिन जळलेली गाडी यांनी बार्शीच्या एका डॉक्टरांच्या अंगणातून आणली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. तिचं मूळ इंजिन कुठून आणणार? आणि शिवप्पा जॉबर होते. (नाव लिहिलं. आता कोण अडवणार.) बिघडलेला माग यांचा हात लागला की सुरळीत व्हायचा. त्यांना इंजिन कळत नव्हतं म्हणे.

मी भावजींना सांगितलं, ९ फेब्रुवारीला पुण्यस्मरणाला सगळे जमतील. त्या दिवशी माझ्या शेजारी बसा. गाडी थरथरली तर तुम्ही म्हणाल त्या भंगारवाल्याला देते. नाही थरथरली तर सगळ्यांसमोर म्हणायचं, अण्णाचं काम चोख होतं.
"कबूल की!" म्हणाले आणि हसत गेले.

संकल्प: आठवड्यात बिघाड शोधणे.

८ जानेवारी, दुपार
वाचनालयातून मोटार दुरुस्तीचं पुस्तक आणलं. सोपं आहे. गाडी उभी ठेवून रेस करायची. उभ्या गाडीत थरथर आली तर दोष इंजिनाकडे. फक्त चालताना आली तर चाकांकडे.
अंगणात रेस केली. थरथरली.
अंगणाची फरशी पोकळ आहे. ही परीक्षा धरता येत नाही.

११ जानेवारी
चाकं बॅलन्स करून घेतली. अजिनाथ मिस्त्री म्हणाला, "काकू, शंभर टक्के टायरच." आता थरथर पहिल्यासारखीच आहे, पण चाकं छान दिसतात.
गल्लीतली पोरं ओरडली, "काकू, गाडीला स्वेटर घाला, काकडतीया!" लक्ष दिलं नाही. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी लायसन काढलेल्या बाईला असलं ऐकायची सवय असते.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगुळाला कोणी बोलावलं नाही. विधवेला बोलवत नाहीत. बरं झालं, हात काळे होते.
यांचा राग येतो. तेहतीस वर्षं म्हणत राहिले, एकदा मोठ्या प्रवासाला जाऊ. गेले ते एकटेच.
घर फार शांत झालंय. गेल्या वैशाखात चारही माग विकले, तेव्हापासून झोप नीट लागत नाही. माणसं म्हणतात, आता शांतता मिळाली. त्यांना काय माहीत.

१९ जानेवारी
अजिनाथ आता म्हणतो, "शंभर टक्के क्लच." मागच्या आठवड्यात टायर शंभर टक्के होते. ह्याला शंभरापुढं मोजता येत नाही.
मी स्वतः ठरवलं. नट सैल झाले असणार. माझा भावजींवरही थोडा संशय आहे, दिवाळीत ते गाडीजवळ उभे होते. इंजिन ज्या पट्ट्यांवर बसवलंय त्यांचे सगळे नट पाना लावून पिळले. अंगातला जोर संपेपर्यंत.

संध्याकाळ
थरथर वाढली. आतला आरसा निखळून मांडीवर पडला. चष्मा नाकावर नाचतो. म्हणजे नट आधीच घट्ट होते. यांचं काम घट्टच होतं. हे सिद्ध झालं, हेही कमी नाही.

२७ जानेवारी
अजिनाथ गाडीखाली झोपून बराच वेळ हसला. म्हणाला, "काकू, इंजिनाखाली रबरच न्हाय. लोखंडावर लोखंड! मागासारखं बोल्ट मारून बसवलंय."
मी म्हटलं, यांनी आयुष्यात ढिलं काम केलं नाही.
तो म्हणाला, "माग जागेवर बसून ऱ्हातो, काकू. गाडीला जायाचं असतंय."
त्याला घालवून दिलं. टायर म्हणाला, क्लच म्हणाला, आता रबर म्हणतो. उद्या माझ्या नशिबाचं नाव घेईल. यांनी रबर घातलं नाही म्हणजे विचार करूनच घातलं नाही. आणि बिनरबराची गाडी तेव्हा रेशमासारखी चालली होती. मी स्वतः बसले होते.

रबर घालायचं नाही. हे पक्कं.

२ फेब्रुवारी
नवा विचार. दोष रस्त्यांचा. आपल्या सोलापुरात विलायती गाडी कशी चालेल? सगळीकडे खणून ठेवलंय.
रस्ता चांगला मिळेपर्यंत उपाय: भावजींच्या सीटवर चादर घालायची, चौघडी करून. आपलीच सोलापुरी, जाड. यात फसवणूक काही नाही. पाहुण्याला मऊ बसायला देतातच.

८ फेब्रुवारी
सगळी तयारी झाली. हुग्गीच्या खिरीसाठी गहू भिजत घातले. पूजेसाठी जंगमांना निरोप गेला. गाडी धुतली, चादर घातली. घरापासून चौकापर्यंत जाऊन आले. थरथर बरीच कमी वाटली. अगदी हळू नेली होती, पण कमी ती कमीच.
उद्या भावजींचं तोंड बघण्यासारखं होईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार
लिहायला आज बसले.

रविवारी पूजा झाली, पंगतीला अवकाश होता, तेव्हा निघालो. बसायच्या आधीच भावजींनी चादर काढून मागं टाकली. "उकडतंय, वैनी." अक्कलकोट रोडला लागलो. माझे दात वाजत होते. आरसा पुन्हा पडला. मी समोर बघत राहिले, भंगारवाल्याचं तोंड डोळ्यांपुढं आणत.
भावजी म्हणाले, "वैनी, कुठं थरथरतीया? मस्त हाय की! उगंच बोललो मी अण्णाला."
वाटलं, टोमणा मारतात. वळून बघितलं. डोळे भरले होते त्यांचे. खरंच बोलत होते.

म्हणाले, आलोच आहोत तर एमआयडीसीतल्या शेडवर चला, माग चालू आहेत, पाच मिनिटं नजर टाकतो. शेडच्या भिंतीला लागून गाडी उभी केली. ते आत गेले. आणि थरथर थांबली. मला वाटलं, इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली तर स्टार्टर करकरला. इंजिन चालूच होतं.

उतरले. चपलेखाली जमीन थरथरत होती. भिंतीला हात लावला, तीही. पत्राही. गाडी त्यात मिसळून गेली होती, वेगळी कळत नव्हती.

हे असल्या जमिनीवर जन्मभर उभे राहिले. मी असल्या भिंतीला डोकं लावून झोपले. गाडी पहिल्या दिवसापासून थरथरत होती. यांना कळलं नाही, मला कळलं नाही, आणि भावजींना अजून कळत नाही. माझे माग गेले म्हणून मला कळायला लागलं. गाडीत नंतर काही बिघडलं नव्हतं.

भावजी बाहेर आले. त्यांना मी काही सांगितलं नाही.

पंगतीत ते उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "ऐका सगळे! अण्णाचं काम चोख होतं. मी स्वतः बसून बघितलंय. चूक माझी." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, शिवप्पासारखा कारागीर होणे नाही. वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. मी हुग्गी वाढत होते. भावजींना दोनदा वाढली.

दुसऱ्या दिवशी मी अजिनाथला बोलावून इंजिनाखाली रबर घालून घेतलं.