जगबुडीचं कपाट आणि पुढची खोली

नाही, मला कुणी फूस लावलेली नाही, दम दिलेला नाही, आणि म्हातारचळही लागलेला नाही. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, धंदा पुस्तकबांधणीचा आणि घराच्या पुढच्या खोलीतल्या वाचनालयाचा. डोकं शाबूत आहे. आज सकाळीच एकाला पान दुमडलं म्हणून झापलंय, खात्री करायची तर त्याला विचारा. हे माझं मृत्युपत्र. याच्याआधी मी कुठलं केलेलं नाही.

एक. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची मुलाला. त्यात वाद नाही.

दोन. वाद पुढच्या खोलीचा आहे. मुलाला तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढायचंय. मला म्हणतो, "आई, बाकीची पुस्तकं राहू दे, पण ते जगबुडीचं कपाट तरी रद्दीत घाल. दुखण्यातून उठलेली माणसं येतात आणि तू त्यांच्या हातात प्रलय देतेस!"

देते. मुद्दाम देते. का, ते एकदाच लिहिते.

तीन. माझा नवरा गेला तेव्हा जो तो धीराची पुस्तकं आणून देत होता. शांत राहा, श्वास मोजा. एकही शेवटापर्यंत गेलं नाही. तेवढ्यात बांधणीला एक नवी कादंबरी आली. जग संपलंय, वस्तीत अकरा माणसं उरलीत, आणि एक बाई रोज उठून हातपंप दुरुस्त करते. वायसर संपले तर चपलेचं रबर कापून बसवते. मी शिवता शिवता वाचली, आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा उठून डोक्यावरून पाणी घेतलं. त्या वाचनाच्या नादात माझे दोन फर्मे, म्हणजे छापून दुमडलेल्या पानांचे जुडगे, मागेपुढे शिवले गेले. म्हणजे आमच्या प्रतीत पंप आधी दुरुस्त होतो आणि जग नंतर बुडतं. अशी चूक मी जन्मात केली नव्हती. उसवायला घेतली, तर समोरचा कंपाउंडर, ज्याची बायको त्याच वर्षी गेली, तो म्हणाला, "राहू द्या, मावशी. संकट यायच्या आधीच तिचा हात बसलेला आहे, हे वाचायला बरं वाटतं." म्हणून ती प्रत कुणीही उसवायची नाही.

चार. कपाटात अशा कादंबऱ्या आज एकेचाळीस आहेत, बहुतेक गेल्या दहा वर्षांतल्या. कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. निळ्या पाठीची, ज्यात समुद्र नवव्या मजल्यापर्यंत चढतो आणि लिफ्टवाला लिफ्टच्या दारांची होडी करतो, ती नुकत्याच रिटायर झालेल्याला द्यावी. हिरव्या पाठीची, ज्यात सगळे वाचायला विसरतात आणि एकटी म्हातारी औषधांच्या बाटल्यांवरचं वाचून दाखवते, आणि एकदाच खोटं वाचते, ती नर्स, डॉक्टर आणि शिकलेपणाचा तोरा असलेल्यांना. बंदूकवाल्याची मात्र कुणी मागितली तरच. जग संपलं तरी त्याच्या गोळ्या संपत नाहीत, आणि तीनशे पानांत भांडी कोण घासतं याचा पत्ता नाही. ज्या कादंबरीत जग बुडाल्यावर भांडी कोणी घासत नाही, ती लिहिणाऱ्याने कधी घासलेली नाहीत.

पाच. धाकट्या बहिणीला तपकिरी पाठीची. त्यात पृथ्वीवर दोघी बहिणीच उरतात आणि तरी बोलत नाहीत. आईच्या शिवणयंत्रावरून ती माझ्याशी एकोणीस वर्षं बोललेली नाही. यंत्रही तिलाच द्या. सुई मोडकी आहे. मी बदलणार नाही.

सहा. दाभण, पुस्तकं दाबायचा शिकंजा, कात्र्या आणि खळीचं पातेलं सुनेला.

सात. पुढची खोली, कपाटासकट, तीही सुनेला. पूर्ण मालकीने. मुलाने भुवया उंचावण्याआधी पुढचं वाचावं.

गेल्या महिन्यात मी चार दिवस दवाखान्यात होते. त्या चार दिवसांत याने कपाट रिकामं करून गठ्ठे बांधले आणि रद्दीवाल्याला बोलावलं. मी परतले तर कपाट मोकळं. रडले नाही, पण बसले. तेव्हा सून माझा हात धरून आत घेऊन गेली आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. एकेचाळीसच्या एकेचाळीस तिथे. तिने गठ्ठे सोडून आत याची जुनी मोटारींची मासिकं भरली होती आणि याला कळू नये म्हणून वर माझी दोन पुस्तकं ठेवून पुन्हा बांधले होते; रद्दीवाल्याकडे जाताना तीही तिने वाटेतच काढून घेतली.

मी म्हटलं, "अगं, एवढी उठाठेव कशाला केलीस?"

"त्या बहिणींची माझी अर्धी राहिली होती, आई."

"तुला जमेल का वाचनालय? गिऱ्हाइकाला दटावावं लागतं."

"तुमच्यासारखं ओरडणार नाही. पण पुस्तक उशिरा आणलं तर पुढचं देणार नाही."

एवढं मला पुरेसं आहे. तपकिरी तिची वाचून झाली की मगच बहिणीकडे जावी.

आठ. खोली विकायची, भाड्याने द्यायची की तिथे मोबाइल ठोकायचे, हे सून ठरवील. तिच्यावर मी अट घालत नाही. मुलाने तिच्यावर दबाव आणला, तर गच्चीसुद्धा तिची.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, वाचलं, आणि दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनीही माझ्यासमोर केली.

साक्षीदार: समोरचा कंपाउंडर. कोपऱ्यावरची चष्मेवाली.
ठिकाण: पुढची खोली, काउंटरच्या आत.
तारीख: चौदा मार्च.
सही: वाचनालयवाली. खालच्या सहीत माझं नाव नीट वाचता येतं.

मुलगा दारात उभा आहे आणि विचारतोय, "माझं काय चुकलं?" वर लिहिलंय. मी तोंडाने सांगणार नाही, आणि इथे आणखी एक अक्षरही लिहिणार नाही.