चौथ्या फेरीत टीझली झोपेल

६ जानेवारी १९९६, शनिवार
रुडीला केस कापायला कार्माइनकडे नेलं. तिथे नेहमीचाच वाद. माझा नवरा रुडी पाल्को, एकाहत्तर सालचा मिडलवेट चॅम्पियन, आज लामाँट टीझलीला हरवेल का? टीझली आमच्या यंगस्टाउनचाच. चोवीस वर्षांचा, जगात तिसरा. कार्माइन म्हणाला, रुडी, तू रिंगमध्ये झगा काढेपर्यंत तो पोरगा तुला झोपवेल. रुडी खुर्चीतूनच म्हणाला, चार फेऱ्या द्या मला, चौथीत तो झोपेल. सगळे हसले. मी हसले नाही. मला पटलं.

८ जानेवारी, सोमवार
टीझलीच्या मॅनेजरला फोन केला. लेंटचे उपवास सुरू होण्याआधीचा शनिवार, १७ फेब्रुवारी, चर्चचा हॉल, चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत. तो लगेच हो म्हणाला. बिचारा. अट एकच, बॉक्सिंग कमिशनच्या डॉक्टरांनी रुडीला पास करायला हवं. ती काय, नुसती फॉर्मॅलिटी. उद्यापासून सहाला उठणे. रुडी पळणार, मी मागून गाडीत.

९ जानेवारी
बर्फ. उद्यापासून.

११ जानेवारी, गुरुवार
रुडी पळाला. म्हणजे कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालला आणि पेटीसमोर बराच वेळ उभा राहिला. अंतर मोजत होता. चांगला बॉक्सर आधी अंतर मोजतो.

१५ जानेवारी, सोमवार
गाडीच्या किल्ल्या फ्रीझरमध्ये सापडल्या, सारण भरलेल्या पिरोगीच्या पिशवीत. मोठ्या लढतीआधी तो असाच हरवलेला असतो. एकोणसत्तर साली तर क्लीव्हलँडला माझा कोट घालून निघाला होता. (ते मला हसवायला होतं. तरीपण.)
संध्याकाळी कोलंबसहून मोनिकाचा फोन. डॅडने लेकीलाच विचारलं, तुम्ही कुठून बोलताय, मिस? ती रडत होती. मी म्हटलं, अगं थट्टा करतोय, लहानपणी नाही का दुकान-दुकान खेळायचा तुझ्याशी. मॉम, त्याला झेपणार नाही, म्हणाली. ती खेळ सोडून पियानोकडे गेली तेव्हाच मला कळलं होतं, हिला बॉक्सिंग समजत नाही.

२० जानेवारी, शनिवार
कार्माइनच्या कमिशनमधल्या मेव्हण्याकडून बातमी: तपासणी ३० तारखेला, मंगळवारी, आणि डॉक्टर चार गोष्टी विचारतात. वार, शहर, महिना आणि शेवटची लढत कुणाशी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी आमच्याकडून धर्माची दोनशे प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली होती. अर्थ मागाहून येईल, मुलींनो, क्रम चुकवू नका. मला आजही पाठ आहेत. रुडीला तर चारच करायची आहेत.

२७ जानेवारी, शनिवार
मंगळवार, यंगस्टाउन, जानेवारी, हेक्टर ब्रिओनेस. चारही धडाधड. मधे प्रश्न विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. सिस्टर असत्या तर त्याला संताचं चित्र मिळालं असतं.
ब्रिओनेसची लढत चौऱ्याहत्तरची. सातव्या फेरीत रुडी पडला. पंच आठपर्यंत पोचले होते. मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, ऊठ, रुडी! तो उठला. त्यानंतरच्या तीन फेऱ्या मला नीट दिसल्या नाहीत, समोर एक उंच माणूस होता.

३० जानेवारी, मंगळवार
बर्फामुळे तपासणी गुरुवारवर गेली. बरंच झालं. आणखी दोन दिवस तालीम.

१ फेब्रुवारी, गुरुवार
डॉक्टर तरुण, हात थंड. त्यांनी आधी नाव विचारलं. नाव आमच्या यादीत नव्हतं. रुडी म्हणाला, मंगळवार. वार विचारला, तर यंगस्टाउन. कुठल्या गावात राहता, तर जानेवारी. सगळी उत्तरं ठणठणीत आवाजात. मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, घरी कोण असतं तुमच्याबरोबर?
हेक्टर ब्रिओनेस, रुडी म्हणाला.
मी डॉक्टरांना सांगितलं की उत्तरं चारही बरोबर आहेत, तुम्हीच क्रम बदललात. त्यांनी मला पाणी दिलं. शिवाय आज गुरुवार आणि वर फेब्रुवारी लागला, हे बदलायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझी, रुडीची नाही. फेरतपासणीसाठी अर्ज करणे.

३ फेब्रुवारी, शनिवार
टीझली घरी आला. बूट दारात काढले. वाईट वाटलं, मिसेस पाल्को, म्हणाला. मी म्हटलं, वाटणारच, तुझी संधी गेली. रुडीने त्याला स्वयंपाकघरात उभं केलं, दोन ठोसे मारून दाखवायला लावले आणि म्हणाला, जॅबचा ठोसा मारून परत येताना तुझा डावा हात पडतो, चेहरा उघडा राहतो. टीझली म्हणाला, माझा कोचही हेच सांगतो, चॅम्प.
हे डॉक्टरांनी पाहायला हवं होतं. अर्ज सोमवारी.

१७ फेब्रुवारी, शनिवार
हॉलमध्ये लढतीऐवजी बिंगो. रुडीला एकच आकडा कमी पडला. अर्जाचा फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे.

१६ मार्च, शनिवार, दुपार
टीव्हीवर टीझलीची लढत. रुडीच्या मांडीवर घोंगडी, हातात कोबी घातलेल्या शेवयांची ताटली. तिसऱ्या फेरीत म्हणाला, पोरगा चांगला आहे, पण डावा हात पडतो. मला इतकं बरं वाटलं की मी आवाज वाढवला.
मग त्याने विचारलं, हा पाल्कोला हरवेल का?
मी म्हटलं, छे. चौथ्या फेरीत पाल्को त्याला झोपवेल.
नाही, म्हणाला, पाल्को आता म्हातारा झाला असेल. त्याला सांगायला हवं कुणीतरी, बस आता.
मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीने: तुम्ही ओळखता का त्याला?
थोडंफार, म्हटलं.
मग सांगा त्याला, म्हणाला, आणि ताटली माझ्या हातात दिली.
शेवया गार झाल्या होत्या. गरम करून आणल्या.