गोड्या पाण्यातला मासा

२९ मार्च २०२५, शनिवार

ह्यांची ओढ्यात उतरायची रबरी विजार घालून बघितली. छातीपर्यंत यायला हवी — मला हनुवटीपर्यंत आली! आरशात बघून हसू आलं. मग थांबलं. दाखवणार कुणाला?

फेराइनचं, म्हणजे मासेमारी क्लबचं, पत्र अजून टेबलावरच आहे. नागेश केरकर यांच्या निधनाने ओढ्यावर एक जागा रिकामी झाली आहे. पत्नीकडे मासेमारीचा परवाना असल्याने तिला ती मिळू शकते. एप्रिलभर येऊन बघावं. हो किंवा नाही, तीस तारखेपर्यंत सही करून कळवावं. वीस जण रांगेत आहेत.

परवाना आहे खरा. चौदा वर्षांपूर्वी ह्यांनी परीक्षेच्या क्लासला मलाही ओढलं होतं. अहो, मी कशाला, तर म्हणे नोट्स कोण काढणार! कॉन्व्हेंटची सवय, पाठ करायचं म्हणजे करायचं. मला पैकीच्या पैकी, हे काठावर पास. त्यानंतर मी एकदाही तिकडे फिरकले नाही. दर शनिवारी हे एकटेच जायचे.

ईप्सिताचं म्हणणं, नाही म्हणून कळव आणि वाल्डॉर्फला माझ्याकडे ये. घर विकून देणारा माक्लर पाच मेला फ्लॅट बघायला येणार आहे. तिनेच ठरवलंय. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. "अलाइन, आई? इन द्राय त्सिमर्न?"

तीन खोल्या. एकटी. बरोबर आहे तिचं.

१ एप्रिल, मंगळवार

आज ओढा मासेमारीला उघडला. म्युनिकहून तासभर रेल्वे, मग बस. डोंगरांच्या माथ्यावर अजून बर्फ, काठाला पिवळी फुलं. पाणी इतकं गार की दोन विजारींतून हाडात शिरलं.

ओढ्याची देखरेख करणारे श्टाडलर भेटले. "पेट्री हाइल!" म्हणाले. सेंट पीटरच्या नावाने मासे धरणारे एकमेकांना असं शुभ चिंततात. मी ठरलेलं उत्तर दिलं, "पेट्री डांक." कॉन्व्हेंटच्या सिस्टर इमेल्डा खूश झाल्या असत्या. वर्गात भिंतीवर पीटरचं चित्र होतं, जाळं ओढणारा. मी त्याच्या हातांकडे बघत बसायची. आमच्या वेंगुर्ल्याच्या बंदरावरचे हात तसेच.

गळाला खरी माशी नसते, पिसं आणि रेशीम बांधून केलेली खोटी असते. हे जेवणाच्या टेबलावर बांधायचे आणि वरणात पिसं पडली म्हणून मी ओरडायची. ती पाण्यावर अलगद, जिवंत माशीसारखी उतरली पाहिजे. श्टाडलरांनी माझ्या काखेत एक पुस्तक दिलं — कोपर अंगाला चिकटून राहावं म्हणून. सिस्टर डोक्यावर ठेवायच्या, हे काखेत!

पुस्तक चार वेळा पाण्यात पडलं. गळाला लागलं ते असं: एक झाड, माझी टोपी, श्टाडलरांची बाही.

२ एप्रिल

खांदा. पेन धरवत नाही.

५ एप्रिल, शनिवार

सहा तास. काही नाही.

घरी येऊन किल्ली फिरवली आणि माझाच आवाज आठवला. "काय, आज पण रिकामे?" दर शनिवारी दार उघडताना हेच. हे टोपी खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "नाही लागला." चौदा वर्षं! मंडळाच्या गणपतीतसुद्धा मी सगळ्यांना हसत सांगायची की आमचे हे माशांना व्यायाम देऊन येतात. हेही हसायचे.

आज कळलं, किती अवघड आहे ते. उगाच बोलले.

८ एप्रिल, मंगळवार

एप्रिलमध्ये कुठली माशी लावायची ते कुठे लिहिलंय का, म्हणून ह्यांच्या जाकिटाचे खिसे बघितले. मागच्या खिशात वही. चौकटींच्या कागदाची, इंजिनियरची. तारीख, जागा, माशी, लांबी, कुठे दिला.

एकही पान रिकामं नाही.

एकतीस सेंटिमीटर. अठ्ठावीस. चौतीस. एकाच दिवशी दोन. २०११च्या उन्हाळ्यापासून! आणि शेवटच्या रकान्यात — राइंडल बाई, पुलाजवळ. राइंडल बाई. राइंडल बाई.

चार पानांनंतर मिटली.

९ एप्रिल

वही कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली, हात पोचत नाही तिथे. मग दिवसभर स्टुलाकडे बघत होते.

१२ एप्रिल, शनिवार

श्टाडलरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, ह्या फ्राउ राइंडल कोण? त्यांनी पुलापलीकडचं हिरव्या खिडक्यांचं घर दाखवलं. वर म्हणाले, केरकरांसारखा हात ह्या ओढ्यावर दुसरा नव्हता.

पुलावर उभी राहिले. तेव्हा लक्षात आलं की सकाळी मी लिपस्टिक लावून निघाले होते. मासे धरायला! पासष्टाव्या वर्षी!

दार उघडायला फार वेळ लागला. आतून चाकांचा आवाज आला. म्हातारी, अठ्ठ्याऐंशीची, चाकांच्या वॉकरला धरून. मी कोण ते सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आख, म्हणजे त्या तुम्ही! मासे न खाणाऱ्या!"

मी! वेंगुर्ल्याची!

मग तिने बसवून सांगितलं. इथे मापात बसणारा मासा लागला की परत सोडता येत नाही, कायदा आहे. मारायचा आणि खायचा. (हा प्रश्न परीक्षेत होता. मी बरोबर सोडवला होता.) एका शनिवारी हे वर्तमानपत्रात मासा गुंडाळून पुलावर उभे होते. घरी जाईनात, टाकून देववेना. हिने खिडकीतून हाक मारली. तेव्हापासून दर शनिवारी ही लोण्यात परतायची, हे खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून हिच्याबरोबर जेवायचे आणि चारची बस पकडायचे. जाताना लिंबाने हात धुवायचे. घरी वास जाऊ नये म्हणून.

तो लिंबाचा वास मला माहीत आहे. मला वाटायचं, साबण.

"तो म्हणायचा, माझ्या बायकोची जीभ समुद्राची आहे," राइंडलबाई म्हणाली. "अभिमानाने सांगायचा."

१३ एप्रिल, रविवार

आठवलं. सगळं आठवलं.

२०११. ह्यांचा पहिला मासा. ओट्यावर कागद उलगडून उभे होते, शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखे. अंगावर लाल ठिपके होते त्याच्या. आणि मी म्हटलं — "शी! गोड्या पाण्यातला? चिखलाचा वास येतो याला. आमच्याकडे मांजरसुद्धा तोंड लावत नाही."

आईही असंच म्हणायची. वेंगुर्ल्यात सगळेच म्हणतात. मी संध्याकाळपर्यंत विसरलेसुद्धा. ह्यांनी कागद गुंडाळला, मासा खालच्या मजल्यावर देऊन आले. पुन्हा कधी आणला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

वाल्डॉर्फला जावं. इथे आता माझंच बोलणं ऐकू येत राहतं.

१७ एप्रिल, गुरुवार

लागला!

पुलाखालच्या डोहात. माशी जरा वाकडीच पडली, आणि पाणी फुटलं. हातात वीज आल्यासारखं झालं. ओरडले असेन बहुतेक. श्टाडलर काठाकाठाने धावत आले, पण गळाच्या काठीला हात लावला नाही. नुसते "सावकाश, फ्राउ केरकर, सावकाश" म्हणत राहिले.

तेहतीस सेंटिमीटर. लाल ठिपके.

मग ते दुसरं. दांडक्याचा एक फटका डोक्यात, मग सुरी. क्रम पाठ होता. पण आईच्या विळीखाली मासे मेलेलेच यायचे. हा माझ्याकडे बघत होता. मी मनात हेल मेरी म्हटलं, अर्धं, आणि केलं. नंतर दगडावर बसून राहिले. श्टाडलर टोपी काढून उभे होते.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आज बव्हेरियात घरोघरी मासा. आज चर्चच्या घंटाही वाजत नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये बारा ते तीन बोलायचं नसे.

मासा घेऊन राइंडलबाईकडे गेले. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायला गेले, तर राइंडलबाईने दुसरी दाखवली. "ती केरकरांची." माझ्याच नवऱ्याची खुर्ची मला परक्या बाईने नाकारली! राग आला. मग बरंही वाटलं. कुठेतरी त्यांची जागा कुणी राखून ठेवली आहे.

पीठ लावून लोण्यात परतलेला. वर लिंबू.

चिखलाचा वास नव्हता. नव्हताच.

२० एप्रिल, ईस्टर

ईप्सिताला फोनवर सगळं सांगितलं. मासा मारला, तेही. ती जर्मनमध्ये म्हणाली, आई, तो पप्पाचा ओढा होता. तुझ्यापासून लांब जायची जागा होती त्याची. तू तिथे का जातेस?

वाईट मनाने नाही म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

२१ एप्रिल

खरं आहे तिचं. मीच त्यांना लांब पाठवलं. आता पाठोपाठ कुठे जाऊ?

२७ एप्रिल, रविवार

तीन दिवस राहिले. 'नाही' करायचं ठरवलं. ह्यांच्याकडची ओढ्यावरच्या झोपडीची किल्ली परत करायला पाकिटात घातली. बाहेर लायलॅक फुललाय, खिडकी उघडली नाही.

मग वाटलं, वही अर्धवट नको. माझा एक मासा लिहून मिटावी. स्टुलावर चढून काढली. रिकामी ओळ शोधायला शेवटच्या पानांवर गेले. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सगळीकडे राइंडल बाई, राइंडल बाई. मध्येच एक ओळ —

८ जून २०२४. छत्तीस सेंटिमीटर. कुठे दिला: घरी.

घरी? त्या पहिल्यानंतर ओढ्यावरचा मासा घरी कधीच आला नाही. ह्यांनी चुकून लिहिलं असेल. पण हे चुकून लिहिणारे नव्हेत.

२८ एप्रिल, सोमवार

मागच्या वर्षीची माझी रोजनिशी काढली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा आठवडा, अक्षर पार वाकडं. जसंच्या तसं उतरवते:

"८ जून. डोळ्याला पट्टी. ह्यांनी मार्केटमधून मासा आणला, कोकम घालून तिखलं स्वतः केलं. कुठला मासा, तर म्हणे नाव विसरलो! पण समुद्राचाच, माझ्या जिभेला कळतं. दोनदा मागून घेतलं. हे आज फार खूश होते, का कोण जाणे."

किल्ली पाकिटातून काढली, 'हो'वर सही केली. पत्र टाकून आले. माक्लरला येऊ नका म्हणून कळवलं. कोकमं भिजत घालायला हवीत — शनिवारी मासा घरी आणायचाय.